गडबडकाकूची तिसरी थाप

त्याची उंची सहा फूट एक इंच. दारातून आत येताना तो सवयीने मान वाकवतो, दार सात फुटी असलं तरी. अशा माणसाला अख्ख्या जगात एकच व्यक्ती 'बुटक्या' म्हणते, आणि ती म्हणजे त्याची ताई. तो चार वर्षांचा असताना जेमतेम तिच्या कमरेपर्यंत यायचा, तेव्हा पडलेलं हे नाव. पुढे तो वाढत गेला, पँटी आखूड होत गेल्या, मिशा आल्या, डोक्यावरचे केस गेले, पण नाव काही हललं नाही. आपणही त्याला बुटक्याच म्हणू. पुढे जे सांगायचंय त्यात त्याला मोठं नाव शोभणारही नाही.

बुटक्या कार्टूनचे सिनेमे करतो. करतो म्हणजे हलवतो. गोष्ट एक जण लिहितो, पात्रं दुसरा काढतो, आवाज तिसरा देतो. मग ते पात्र बुटक्याच्या संगणकावर दोन्ही हात आडवे पसरून, डोळे वटारून, बुजगावण्यासारखं उभं राहतं. त्याला चालवायचं, बसवायचं, शिंकायला लावायचं, लाजवायचं, हे बुटक्याचं काम. आठवडाभर मान मोडून बसलं की पडद्यावरचे चार सेकंद तयार होतात. घरी कुणी विचारलं, काय केलंस आठवडाभर, तर तो सांगतो, "कोंबडी जिना उतरली."

कोंबडीची हकिकत अशी. नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या स्टुडिओने एका घोड्याचा सिनेमा केला. घोडा देखणा, शूर, नदीचा उगम शोधायला निघालेला. त्याच्या पाठीवर एक पोक्त कोंबडी, नाव गडबडकाकू. तिला कामं दोनच: घाबरायचं, आणि घाबरता घाबरता घोड्याला अक्कल शिकवायची. घोडा स्टुडिओतल्या बड्या मंडळींनी वाटून घेतला. कोंबडी नव्या माणसाच्या गळ्यात पडली, आणि नवा माणूस म्हणजे बुटक्या.

काकूचा पहिलाच प्रसंग घरातून निघण्याचा होता. कागदावर एवढंच लिहिलेलं: 'काकू घाईघाईने खुराड्याबाहेर पडते.' आता घाईघाईने बाहेर पडण्यात दाखवायचं काय? बुटक्या तीन दिवस आरशासमोर कोंबडी होऊन नाचला. काही जमेना. चौथ्या दिवशी, उद्या काम दाखवायचंय आणि हातात काहीच नाही अशा अवस्थेत, त्याला ताई आठवली.

ताई घरातून निघते ती अशी. दाराशी येते आणि थबकते. उजव्या हाताची थाप कमरेवर: किल्ली. दुसरी छातीवर, जिथे दोरीला अडकवलेला चष्मा असतो. मग तिसरी थाप मारते डाव्या हाताने, कमरेच्या बाजूला, हवेत. तिथे काहीच नसतं, ना खिसा, ना पिशवी. हवेत दोनदा थोपटते, अर्धी गिरकी घेते आणि अंग जरा डावीकडे कलतं ठेवून तुरुतुरु निघते. बुटक्याने हे जन्मभर बघितलं होतं आणि त्याचा कधी विचार केला नव्हता. घरातल्या माणसांच्या लकबींचा कोण विचार करतो?

त्याने ते सगळंच्या सगळं उचललं आणि कोंबडीला दिलं. थबकणं, थापा, गिरकी, कलतं अंग, तुरुतुरु.

सिनेमा लागला. लोक घोड्यासाठी तिकीट काढून आत गेले आणि कोंबडीची नक्कल करत बाहेर आले. पहिल्या थापेला थेटरात खसखस पिकायची, दुसरीला मुलं खिदळायची, आणि तिसरीला, हवेतल्या त्या थापेला, अख्खं थेटर कोसळायचं. का, ते बुटक्याला व्यावसायिक माणूस म्हणून ठाऊक होतं. पहिल्या दोन थापांना अर्थ होता, तिसरीला अजिबात नव्हता. म्हणून तीच सर्वांत जास्त हसवत होती.

ताईला त्याने स्वतः नेलं होतं सिनेमाला. सबंध वेळ तो पडद्याऐवजी तिच्याकडेच बघत होता. आता ओळखेल, मग ओळखेल. पण स्वतःची चाल कुणाला दिसते? ताई रडेपर्यंत हसली. शेजारच्या अनोळखी बाईला कोपराने ढोसून म्हणाली, "मेली किती वेंधळी आहे बघा!" बुटक्याने अंधारात सुस्कारा सोडला. घरी जाताना सांगून टाकू, असं त्याने ठरवलं होतं. घरी जाताना ताई म्हणाली, "ती कोंबडी तू केलीस? अभिमान वाटला हो." मग सांगायचं कसं? सांगू सांगू म्हणता नऊ वर्षं गेली.

घोड्याचा दुसरा भाग साफ आपटला. तेव्हा स्टुडिओतल्या कुणा शहाण्याच्या डोक्यात आलं, घोडा काढा, कोंबडीचाच सिनेमा करा. बुटक्याला बढती मिळाली. काकूला हलवणाऱ्या चौदा जणांचा तो प्रमुख झाला.

आता बाजूच्या पात्राला स्वतःचा सिनेमा मिळाला की एक अडचण येते. घोड्याच्या पाठीवर बसून दोन मिनिटं घाबरणारी कोंबडी गोड वाटते. तिलाच दीड तास स्वतःच्या पायांवर चालवायचं म्हटलं की तिला बालपण लागतं, दुःख लागतं, आणि प्रत्येक लकबीला कारण लागतं. एका बैठकीत दिग्दर्शक बाईंनी विचारलं, "किल्ली समजली. चष्मा समजला. तिसरी थाप कशाला मारते ती?"

वीस माणसं बुटक्याकडे बघायला लागली. तो काकूचा तज्ज्ञ ना! खरं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. 'मला ठाऊक नाही, विचारून सांगतो,' असं तो म्हणू शकला असता, पण मग कुणाला विचारणार ते सांगावं लागलं असतं.

"शेपूट," तो म्हणाला. "तरुणपणी तिला हे एवढं झुपकेदार शेपूट होतं. पार बाजूपर्यंत यायचं. मग ते एका भांडणात उपटलं गेलं. आता काही नाही तिथे. पण पंखाला कुठे कळतं?"

बैठकीत हशा पिकला. दिग्दर्शक बाईंनी टेबलावर हात आपटला. 'किल्ली, चष्मा, शेपूट!' हे सिनेमाचं घोषवाक्य झालं, झलकीत आलं, पोरांच्या डब्यांवर छापलं गेलं. बुटक्याला त्या संध्याकाळी फार हुशार झाल्यासारखं वाटलं, हेही सांगितलं पाहिजे.

दीड तासाच्या सिनेमाला नुसती आठवण पुरेना. मग बुटक्याने आणखी एक गोष्ट केली. या धंद्यात हालचालीचा नमुना म्हणून माणसाला चित्रित करून ठेवतात आणि त्यावरून पात्र हलवतात. बहुतेक जण स्वतःलाच चित्रित करतात. बुटक्याने ताईला केलं. वर्षभर दर रविवारी तो तिच्याकडे जायचा, आणि ती निघायला लागली की फोन समोर धरायचा. "काय रे हे?" ती विचारायची. "असू दे गं, आठवण." ती लाजायची, पदर सावरावा तशी केस सावरायची आणि म्हणायची, "माझी कसली आठवण? मी काय मरतेय लगेच?" अकरा तुकडे जमले. तो ते स्टुडिओत नेऊन 'काकू' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायचा. चौदाच्या चौदा जण रोज ते उघडून बघत. मागेपुढे करून बघत, थांबवून बघत, मान कुठे कलते, ढुंगण कधी हलतं, पाऊल कुठे फेंगडं पडतं. एकाने विचारलं, "सर, कुठून शोधून काढलीत ही नटी? काय टायमिंग आहे बाईचं!"

"ओळखीची आहे," बुटक्या म्हणाला. आणि त्याने पुढचा तुकडा लावला.

सिनेमा पुरा होत आला तेव्हा संकलकाला कल्पना सुचली. शेवटी नावं पडतात तेव्हा पडद्याच्या डाव्या बाजूला ती 'नटी' दाखवायची आणि उजव्या बाजूला कोंबडी, अगदी पावलाला पाऊल जुळवून. निवडक प्रेक्षकांना दाखवून बघितलं. लोक उठायचे ते परत बसले. हसून हसून खुर्च्या हलल्या. स्टुडिओची कागदपत्रं सांभाळणारी बाई बुटक्याच्या टेबलापाशी आली आणि एक संमतीपत्र ठेवून गेली. "तुमच्या नटीची सही आणा. गुरुवारच्या आत. सहीशिवाय तोंड दाखवता येत नाही."

तर असा बुटक्या बुधवारी दुपारी, दाढी करून, घडी घातलेला कागद खिशात घेऊन, ताईच्या तिसऱ्या मजल्यावर चढला.

ताई वाचनालयात फाटकी पुस्तकं दुरुस्त करायचं काम करते. दोन वाजता तिची पाळी असते. काम फार साचलं की ती पुस्तकं घरी आणते. त्या दिवशी टेबलावर खळीची वाटी, ब्रश, कापडी पट्ट्या आणि मुलांच्या चित्रपुस्तकांचा गठ्ठा होता. सगळ्यांत वरच्या पुस्तकावर गडबडकाकू. पंख तुटलेला, म्हणजे पान तिथे फाटलेलं, आणि ताई तो पंख मन लावून चिकटवत होती.

"तुझी कोंबडी मुलं फार फाडतात बाबा," ती म्हणाली. "महिन्यातून सहा-सात तरी येतात माझ्याकडे. घोडा मात्र कसा कोरा करकरीत. बस. चहा ठेवू?"

"नको. ताई, एक सही हवी होती."

"कुठे?"

एवढंच विचारलं तिने. कशावर, कशाला, काहीही नाही. हात पुसले आणि पेन शोधायला लागली. चष्मा गळ्यातच होता, पण डोळ्यांवर चढवायचेही कष्ट घेतले नाहीत. बुटक्याने कागद उलगडला. वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, पण ते तिला दिसणार नव्हतं. त्याने खालच्या ओळीवर बोट ठेवलं.

"इथे."

"प्रगतिपुस्तकावर करायचे तशीच ना?" ती हसली. "चौथीत गणितात सात मार्क होते, तेव्हाही तू असंच नुसतं बोट ठेवलं होतंस. बाकीचं पान हाताने झाकून."

तिने सही केली. पंधराव्या वर्षापासून ती त्याच्या पालकाच्या जागी जशी सही करत आली होती तशी, पूर्ण नाव लिहून, खाली रेघ ओढून. आई गेली आणि वडील कामापायी महिनोन् महिने बाहेर, तेव्हापासून ती रेघ ठरलेली. बुटक्याने कागदावर फुंकर घातली, घडी केली, खिशात ठेवला. काम फत्ते. आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गणितात सात मार्क मिळवून घरी येणारं पोर निदान घाबरलेलं तरी असतं. हा एकोणचाळीस वर्षांचा बाप्या नुसता सुटलो म्हणून सुस्कारा टाकत होता.

"चल, मला निघायला हवं," ताई म्हणाली. तिने खळीची वाटी झाकली, ब्रश धुतला, पिशवी उचलली आणि दाराशी आली. थबकली. कमरेवर थाप. छातीवर थाप. मग डावा हात, हवेत, दोनदा.

बुटक्याने ते अकरा तुकड्यांत हजारदा बघितलं होतं. समोर उभं राहून, फोन मध्ये न धरता, बहुधा पहिल्यांदाच बघितलं. आणि विचारलं. त्याला लाज वाटत होती म्हणून विचारलं, असं म्हणायला मला आवडलं असतं. पण त्याही घटकेला विचारलं ते त्याच्यातल्या कारागिराने.

"ताई, तिसरं काय असतं गं? किल्ली, चष्मा, आणि ते तिकडे?"

"कुठे?" तिने आपल्याच हाताकडे बघितलं. मग ओशाळून हसली. "ते होय. अय्या, अजून करते का मी? तू रे."

"मी?"

"तू हरवला होतास ना. आठवत नाही? नाहीच आठवणार, चार वर्षांचा होतास."

बुटक्याला चांगलं आठवत होतं. ती आठवण तर त्याच्या पोटापाण्याची होती. प्रत्येक मुलाखतीत तो ती सांगायचा: लहानपणी एका थेटराबाहेर रंगवलेलं अस्वल लागलं होतं, दोन मजली उंच, आणि ते बघत मी तासन् तास उभा राहिलो, आणि त्या दिवशी चित्रं माझ्या मानगुटीवर बसली. लोकांना फार आवडायची ही आठवण. त्यात ताई नव्हती. कुणी विचारलंही नव्हतं की चार वर्षांचं पोर तिथे एकटं काय करत होतं.

"बसमधून उतरलो," ताई सांगत होती. "ही गर्दी. आपण बावळट, कुणी काही मारेल म्हणून मी आधी कमरेला हात लावला. किल्ली आहे. मग इथे, छातीशी तिकिटं होती तेव्हा, परतीची. आहेत. आणि इकडे हात नेला तर तू नाहीस. साडेतीन तास, बुटक्या. नाव सांगून कुणाला काय कळणार? मी आपली प्रत्येक दुकानात जायचे आणि हात धरून दाखवायचे. एवढा आहे हो. एवढा मुलगा बघितलात का? एवढा."

तिने हात धरून दाखवला. डाव्या बाजूला, कमरेशी, तळवा खाली. चार वर्षांच्या मुलाचं डोकं जिथे येतं, तिथे.

"मग सापडलास त्या थेटरापाशी. रडतही नव्हतास मेल्या. मी मात्र तिथेच फुटपाथवर बसून रडले. तेव्हापासून दाराबाहेर पडताना आधी हात जातो, आहेस ना बघायला. तू उंटाएवढा झालास, तरी जातो. हाताला कुठे कळतं?"

आता बोलायला हवं, हे बुटक्याला कळलं. आणि कसं बोलायचं ते सुचेना. त्याला सगळं फक्त दाखवूनच सांगता येत असे. त्याने फोन काढला, तो शेवटचा तुकडा लावला आणि तिच्या हातात दिला. डावीकडे ताई. उजवीकडे कोंबडी. सोबत त्या निवडक प्रेक्षकांचं हसणं आणि 'शेपूट! शेपूट!' असं ओरडणं, ध्वनिमुद्रित केलेलं.

ताईने आता चष्मा चढवला. एकदा बघितलं. बोटाने मागे नेऊन पुन्हा बघितलं. पहिल्या थापेला हसू, दुसरीला मोठं हसू, तिसरीला नुसता गडगडाट.

"मी मागून अशी दिसते?" तिने विचारलं.

बुटक्याने मान हलवली.

"पहिल्या सिनेमातपण मीच होते?"

"हो."

"मी हसले होते रे." तिचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर बुटक्याला बरं वाटलं असतं. "शेजारच्या बाईला दाखवत होते मी. वेंधळी म्हणाले."

"ताई, मी तेव्हाच सांगणार होतो..."

"आणि हे शेपूट, शेपूट काय म्हणतायत?"

"त्यांनी विचारलं तिसरी थाप कशाची. मला माहीत नव्हतं. मी काहीतरी सांगून टाकलं."

"मला विचारायचंस," ताई म्हणाली. "एका बसच्या अंतरावर तर राहते मी."

तिने चष्मा उतरवला आणि त्याच्या फोनशेजारी टेबलावर ठेवला. बुटक्याने फोन उचलला. तिने तो चिकटवलेला पंख अंगठ्याने दाबून बघितला. मग म्हणाली, "उशीर होतोय मला." पिशवी पुन्हा उचलली. दाराशी आली.

थबकली नाही. पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट धरली, कोपरं अंगाला चिकटवली, आणि एकेक पाऊल मोजून टाकत बाहेर पडली. अनोळखी लोकांच्या सभेत मागच्या दाराने जाणारं माणूस जसं चालतं तशी. अंग कुठे कलू नये, पाऊल फेंगडं पडू नये, याची काळजी तिच्या पाठीवर दिसत होती. बुटक्याला चालीतलं सगळं वाचता येतं, तोच त्याचा धंदा. तिच्यामागून तो बाहेर आला, आणि दार ओढलं की आपोआप लागणारं होतं ते लागलं.

एक मजला उतरल्यावर ताईचा हात नकळत कमरेकडे गेला. किल्ली नव्हती. ती उशीखाली होती, तिथून घ्यायची राहिली होती. आत आल्यावर ती किल्ली उशीखाली ठेवते आणि तिन्ही थापा झाल्या की आठवून आणते, असं इतकी वर्षं चाललं होतं. मघाशीही थापांनंतर तिच्या ध्यानात आलं असतं, पण मध्येच प्रश्न निघाला आणि राहून गेलं. चष्माही टेबलावर. ती कठड्याला धरून उभी राहिली. पस्तीस वर्षांत ती कधी किल्ली विसरली नव्हती.

बुटक्याने कुलपं उघडून देणाऱ्याला फोन केला. तो अर्ध्या तासात येतो म्हणाला. दोघं पुन्हा वर आली. बुटक्या पायरीवर बसला. ताई बसली नाही, दाराला पाठ लावून उभी राहिली.

त्याने खिशातून संमतीपत्र काढलं, ते काय आहे हे आता शब्दांत सांगितलं, आणि तिच्यासमोर फाडलं. दोनाचे चार, चाराचे आठ. कागद फाडायला काही हिंमत लागत नाही. तरी आपण काहीतरी केलं असं त्याला क्षणभर वाटलं.

"फाडून काय होणार?" ताई म्हणाली. "सगळ्यांचं बघून झालंय." आणि मग, "तुकडे जिन्यात टाकू नकोस. झाडणारीला वाकावं लागतं."

त्याने आठही तुकडे गोळा करून खिशात घातले.

"शेवटचं ते काढून टाकायला लावतो मी. तू दिसणार नाहीस."

"बरं."

"पण कोंबडी... ती आता नाही गं बदलता यायची. तीन आठवड्यांत लागतोय सिनेमा."

"तुझं नाव येणार ना त्यात?"

"हो. मोठं येणार आहे."

"मग झालं तर," ताई म्हणाली. ती खरोखरच तसं म्हणाली, टोमणा नव्हता त्यात, आणि बुटक्याला मान वर करता येईना. "मला मात्र बघायला नेऊ नकोस."

किल्लीवाला आला. गोल चेहऱ्याचा, बोलका माणूस. त्याने हत्यारं मांडली, कुलपात तार घातली, आणि गप्प बसवेना म्हणून म्हणाला, "बाई, निघताना तपासायचं नाही का? किल्ली, चष्मा, शेपूट!" तार सोडून त्याने थापाही मारून दाखवल्या, कमरेवर, छातीवर आणि हवेत, आणि ढुंगण हलवलं. हुबेहूब. "आमच्या पोरीने डोकं उठवलंय घरात. रोज सकाळी शाळेला जाताना. तुम्ही बघितली की नाही ती कोंबडी?"

"बघितली," ताई म्हणाली.

"वेंधळी आहे, पण लाघवी."

बुटक्या खाली फरशीकडे बघत होता. कुलूप खट्‌ करून उघडलं. किल्लीवाला हत्यारं गोळा करून, शीळ घालत, जिना उतरून गेला.

ताई आत गेली. उशी उचलल्याचा, टेबलावरून चष्मा घेतल्याचा आवाज आला. ती बाहेर आली आणि दाराशी थबकली. घाईत होती, विसरली असावी. उजवा हात कमरेवर पडला: किल्ली. छातीवर पडला: चष्मा. मग डावा हात उठला.

बुटक्या अजून वरच्या पायरीवरच बसला होता, तिच्या डाव्या बाजूला. सहा फूट एक इंच माणूस पायरीवर बसला की त्याचं डोकं उभ्या माणसाच्या बरोबर कमरेशी येतं. तो हलला नाही. मान खाली घालून, डोळे मिटून, चार वर्षांच्या पोराने बसावं तसा तो बसून राहिला. हात अगदी जवळ आला होता. खळीचा वास येत होता त्याला.

मग पिशवीचा बंद ओढल्याचा आवाज झाला. त्याने डोळे उघडले तेव्हा ताईने दोन्ही हातांनी पिशवी पोटाशी धरली होती, आणि ती कडेकडेने, सरळ, एकेक पायरी बघत उतरत होती.